हवेतल्या वन्सं

घरात जेवढी धांदल जास्त, तेवढ्या आमच्या वन्सं सावकाश होत. चुलीवरचं दूध उतू जायला लागलं की सासूबाई ओरडत, मी पदर खोचून धावे, आणि वन्सं मात्र आधी फडकं शोधत, मग भांड्याकडे बघत आणि मग ते असं अलगद उतरवत की जणू पाहुण्यांपुढेच ठेवायचं आहे. एरवी त्यांचं बोलणं आमच्यासारखंच, लय आणि न्हाई आणि व्हय यांनी भरलेलं. पण काही बाका प्रसंग आला की त्यांची भाषा एकाएकी शुद्ध आणि गोड होई. एकदा स्वयंपाकघरात शिंकाळ्याखाली भलीमोठी धामण निघाली. मी किंचाळणार तेवढ्यात वन्सं हसतमुखाने म्हणाल्या, “आता आपण सगळे एकामागून एक परसदाराने बाहेर जाऊ या. हातातलं सामान इथंच राहू द्यावं.” सासूबाईंच्या हातात भाकरीचं पीठ मळलेली परात होती. ती त्यांनी मुकाट्याने खाली ठेवली आणि त्या रांगेत चालू लागल्या. अंगणात आल्यावर माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “ही आसं ग्वाड बोलाय लागली की मला लय भ्या वाटतं बग.”

वन्सं म्हणजे माझी नणंद, शालन. विमानात कामाला होत्या. वर्तमानपत्रातला हवाईसुंदरी हा शब्द त्यांना मुळीच आवडत नसे. “सुंदरी कशाची, वाढपी म्हणा,” असं त्या म्हणत. पण कुणी खरंच वाढपी म्हटलं तर तेही चालत नसे. मग त्या समजावून सांगत की चहा देणं हे आमचं फावल्या वेळातलं काम आहे. खरं काम म्हणजे वर काही बिघडलं तर माणसांना जितंजागतं खाली आणणं. ते रोज निघत नाही, म्हणून मधल्या वेळात चहा.

माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीजवळचं. तिथे घागरभर पाण्यासाठी अर्धा दिवस जाई. लग्न होऊन मी सांगलीच्या अलीकडे कृष्णाकाठच्या गावात आले, तेव्हा पाटातून वाहणारं पाणी बघूनच मला श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. घरात ऊस, चार म्हशी आणि लष्करातून सुभेदार होऊन आलेले माझे सासरे, मामंजी. त्यांच्या बदल्यांमुळे वन्संचं बालपण अंबाला, जबलपूर असं छावण्यांत गेलं होतं. इंग्रजी आणि हिंदी त्यांना सहज येई. ती नोकरी त्यांना लागली तेव्हा गावात कुजबुज झाली, पण सुभेदारांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. मामंजींनी परवानगी दिली होती खरी, पण त्या कामाविषयी ते स्वतः कधी काही विचारत नसत. लेक विमानाच्या गोष्टी सांगायला लागली की ते उठून गोठ्याकडे जात.

वन्सं रजेवर आल्या की आठ-आठ दिवस राहत, आणि त्या दिवसांत घर गजबजून जाई. त्यांना दिशा दाखवायची एक सवय होती. कुणी गिरणी कुठे विचारलं तरी दोन्ही हात कोपरातून लांब करून, दोन-दोन बोटं जोडून त्या दाखवत. एका संक्रांतीला त्यांनी येताना सरावाचा, निकामी झालेला प्राणवायूचा मुखवटा आणला. एक पिवळी रबरी वाटी, तिला लवचीक दोरी, खाली प्लॅस्टिकची छोटी पिशवी आणि लांब नळी. हळदीकुंकवाला बायका जमल्यावर त्यांनी तो सोप्यातल्या तुळईला दोऱ्याने टांगला आणि खाली पाटावर पाटलीणकाकूंना बसवलं.

आधी त्यांनी सांगितलं की विमान जिथे उडतं तिथे हवा इतकी विरळ असते की माणूस तग धरू शकत नाही. म्हणून विमान सायकलच्या ट्यूबसारखं बंद करून आत हवा दाबून भरलेली असते. ट्यूब पंक्चर झाली तर हवा जाणार. तसं झालं की डोक्यावरचं झाकण आपोआप उघडतं आणि प्रत्येकासमोर अशी वाटी खाली येते. एवढं बोलून त्यांनी दोरा सोडला. वाटी पाटलीणकाकूंच्या नाकासमोर येऊन हलायला लागली. काकू हात मांडीवर ठेवून वाट बघत बसल्या.

“काकू, काय करताय?” वन्संनी विचारलं.

“वायू यायची वाट बगतीया.”

“तो येणार न्हाई. वाटी आपल्याकडं वढल्याशिवाय नळीचं तोंड उघडतच न्हाई. नुसतं बसून ऱ्हायलं तर वाटी समोर आसून माणूस जायाचं.”

बायका हसल्या, पण काकूंनी जोरात वाटी ओढली, नाकातोंडावर धरली आणि डोळे मिटून असा लांब श्वास घेतला की शेजारणीने त्यांना विचारलं, गार लागतंय का. मग प्रत्येकीला एकदा ते करून बघायचं होतं. पिशवी फुगली नाही तरी घाबरायचं नाही, वायू येत असतो, हेही वन्संनी सांगितलं. इथवर सगळं हसण्याखेळण्यात चाललं होतं. पण मग त्यांनी पुढचा नियम सांगितला. मांडीवर लेकरू असलं तर आधी वाटी स्वतःला लावायची आणि मग लेकराला.

सासूबाईंनी हातातला तिळगुळाचा डबा खाली ठेवला. कुठली आई असं करील, असं त्यांनी विचारलं. विमान बनवणाऱ्यांच्या घरात आया नाहीत काय, असंही विचारलं. बाकीच्या बायकाही त्यांच्या बाजूने बोलायला लागल्या. वन्सं रागावल्या नाहीत. त्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “आये, वायू कमी पडला की जीव घुसमटत न्हाई. उलट बरं वाटतं. हसू येतं, ताडी पिल्यावाणी. आपून चाललोय ह्ये आपल्याला कळतच न्हाई. तू लेकराच्या दोरीशी खटपट करत बसलीस आन् मधीच पडलीस, तर तुला बी कोन न्हाई आन् त्येला बी कोन न्हाई. तू शुद्धीवर ऱ्हायलीस तर दोगं जगतील.”

सासूबाईंना ते पटलं नाही. विमानात प्रत्येक रांगेला एक वाटी जास्तीची असते, मांडीवरच्या लेकरासाठी, हे कळल्यावर मात्र त्या थोड्या निवळल्या. लेकराचा इचार केलाय म्हंजे मान्सं बरी हायीत, म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी आमच्या दारात एक अनोळखी गृहस्थ आले. पांढरी टोपी, धोतर, बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग. विट्याकडचे होते आणि कलकत्त्यात त्यांचं सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं, दुकान होतं. त्यांनी साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा मामंजींच्या पुढे ठेवला आणि म्हणाले, “सुभेदार, तुमच्या लेकीनं मला वाचिवलं.” मामंजींना काही माहीतच नव्हतं. वन्सं त्या वेळी रजेवर घरीच होत्या. त्या आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे घरी कळू नये अशी त्यांची इच्छा होती.

गलाईवाले मामा सगळं सांगत गेले. आई आजारी असल्याची तार आली म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसले होते. चहा देताना त्यांनी गूळ आहे का विचारलं, तेव्हा ही बाई गालात हसली होती. पुढे मध्येच कुठेतरी मोठा आवाज झाला, कान दुखायला लागले, आत धुकं भरलं आणि डोक्यावरून पिवळ्या वाट्या पडल्या. काय करायचं ते आधी सांगितलं होतं म्हणे, पण मामा तेव्हा खिडकीतून ढग बघत होते. त्यांनी तीर्थाला धरतात तसा तळहात पुढे केला, वाटी त्याच्यावर ठेवली आणि कुणीतरी येऊन ती चालू करून देईल म्हणून थांबले. वन्संनी जवळच्या रिकाम्या जागेवर बसून आधी स्वतःला वाटी लावली होती. तिथून त्यांनी मामांना पाहिलं. खुणा करून उपयोग होईना, तेव्हा क्षणभर आपली वाटी बाजूला करून त्या म्हणाल्या, “मामा, वढा की त्ये. नाकाला लावा.”

“आभाळात आपल्याकडची भाशा ऐकली न् मला वाटलं, घरचंच कोन तरी बोलतंय,” मामा म्हणाले. “म्या वढली. न्हाय तर आज माजी आई मला रडत बसली आसती.”

विमान घसरगुंडीसारखं खाली आलं होतं, जिथली हवा साध्या श्वासाला पुरते तिथवर. मग वन्सं खांद्याला शबनम पिशवीसारखा एक छोटा हिरवा सिलिंडर अडकवून प्रत्येकाजवळ जाऊन आल्या. कुणाच्या कानातून रक्त आलं होतं, कुणी रडत होतं. मामा सांगत होते की ती बाई अशी सावकाश चालत होती, की तिला बघूनच सगळ्यांना वाटलं आता काही होणार नाही.

हे ऐकून मामंजी उठून गोठ्याकडे गेले. ते परत आले तेव्हा मामा जेवायला बसले होते आणि आपल्या पुतण्याचं स्थळ सुचवत होते. मामंजींनी ते ऐकून घेतलं, पाहुण्यांना एसटीपर्यंत सोडलं आणि मग लेकीला समोर बसवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता.

“लढाईवरचं मानूस घरी काय सांगत न्हाई, ह्ये मला ठावं हाय,” ते म्हणाले. “म्या बी कवा सांगितलं न्हाई. पर म्या बाप हाय. आता बास कर.”

त्या काळी नियमच असा होता, की विमानातल्या बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची. सासूबाईंना ते सोयीचंच वाटलं. गलाईवाल्यांचा पुतण्या, नाहीतर दुसरा कुणी, पण वर्षाच्या आत लग्न करायचं आणि तोवर राजीनामा द्यायचा असं दोघांनी ठरवलं. वन्संनी वाद घातला नाही. रजा संपायच्या आत सांगते, एवढंच म्हणाल्या. पुढच्या दोन दिवसांत त्या दळण दळताना, भाजी चिरताना इतक्या सावकाश झाल्या होत्या की मला काळजी वाटायला लागली. माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. मी त्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर माणला, जरा मन मोकळं होईल. त्या लगेच तयार झाल्या.

बहात्तरच्या दुष्काळातले ते दिवस. माझ्या माहेरची विहीर खोल खोल गेली होती. वरून इंजिन पाणी ओढेना म्हणून दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, विहिरीच्या आतच निम्म्या खोलीवर एक टप्पा खोदून डिझेलचं इंजिन तिथे खाली बसवलं होतं. त्या भागात तेव्हा बरेच जण तसं करत. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिन थोडा वेळ चाललं आणि पाणी संपल्यामुळे खोकत बंद पडलं. पाइप अजून खाली सरकवावा म्हणून दादा लगेच पायऱ्यांनी खाली उतरला. आम्ही बायका जवळच लिंबाखाली वाल सोलत होतो. काठावर सोपाना उभा होता. आमच्या शेजारच्या वाडीतला मेंढपाळ, दादाचा लहानपणापासूनचा मित्र. थोड्या वेळाने सोपाना वाकून हाका मारायला लागला. मग त्याने आमच्याकडे वळून बघितलं आणि त्याचा चेहरा बघून माझ्या हातातलं सूप पडलं.

दादा इंजिनाशेजारी टप्प्यावर बसला होता. भिंतीला टेकून, मान एका बाजूला, झोपल्यासारखा. उत्तर देत नव्हता. आमचे वडील, अण्णा, पासष्टीचे होते. ते पायताण काढून पहिल्या पायरीवर उतरलेसुद्धा. त्यांच्यामागे सोपाना आणि आणखी दोन-तीन माणसं कुडती काढत होती. वन्सं चालत आल्या. धावत नाही, चालत. त्यांनी अण्णांचा हात धरला आणि त्या हसऱ्या, शुद्ध आवाजात म्हणाल्या, “कृपया कोणीही खाली उतरू नये.”

माणच्या माळावर विहिरीच्या काठी असं कुणी कधी बोललं नव्हतं. सगळे थबकले. अण्णांनी हात सोडवायचा प्रयत्न केला.

“सोडा मला. लेकरू हाय माजं त्ये.”

“तुमचंच आहे, अण्णा. म्हणूनच आधी तुम्ही श्वास घ्या,” वन्सं म्हणाल्या. “खाली इंजिनाचा धूर कोंडलाय. दादा त्या हवेनं पडलेत. आता जो उतरेल तो मायेनं पडेल. मग कुणाकुणाला काढायचं?”

त्या क्षणी मला त्या वैरीण वाटल्या. माझा भाऊ खाली पडला होता आणि ही बाई वाट अडवून उभी होती. माझी आई तर त्यांचा पदर ओढत होती. पण वन्सं हलल्या नाहीत, आणि कामंही तशीच सावकाश सांगत गेल्या. सोपानाच्या खांद्यावरचं घोंगडं घेऊन त्याला दगड बांधा आणि दोराने विहिरीत सोडून वरखाली करा, उखळात मुसळ चालवतात तसं, म्हणजे खालची हवा ढवळेल. घरात असेल नसेल ते पाणी वरून ओता, म्हणजे पाण्याबरोबर ताजी हवा खाली जाईल. ते पाणी पहाटे टँकरवर रांग लावून मिळवलं होतं, उद्याच्या बारशासाठी राखून ठेवलं होतं. माझ्या आईने पदर सोडला आणि पहिली घागर तिनेच आणून ओतली. तिच्यामागे वाडीतल्या बायकांची रांग लागली. दुष्काळात पाणी ओतून देताना कुणाचा हात अडखळलेला मी पाहिला नाही.

घोंगडं बराच वेळ वरखाली झाल्यावर वन्संनी सोपानाच्या काखेखालून दोर बांधला. दोराचं दुसरं टोक चौघांच्या हातात दिलं. मग त्यांनी त्याला एक विचित्र गोष्ट सांगितली. उतरताना गप्प बसायचं नाही, सतत मोठ्याने बोलत राहायचं.

“काय बोलू?” सोपानाने विचारलं.

“जे तोंडपाठ असेल ते.”

सोपानाला शाळा ठाऊक नव्हती आणि त्या क्षणी देवाचं नावही आठवेना. तो आपल्या मेंढ्यांची नावं घेत उतरायला लागला. काळी, चांदी, मोरी, बांडी, शिंगी, लंगडी, पाटलाची, उंडगी. विहिरीतून एकेक नाव घुमत वर येत होतं आणि वन्सं काठावर डोळे मिटून ऐकत होत्या. इंजिनापासून थोडा वर असताना सोपाना म्हणाला, बांडी. मग पुन्हा म्हणाला, बांडी. मग हसला आणि तिसऱ्यांदा बांडीच म्हणाला. काठावरच्या एक-दोघांनाही हसू आलं.

“ओढा,” वन्सं म्हणाल्या.

वर आल्यावर सोपाना चिडला होता. दादा हाताच्या अंतरावर आला होता, मी चांगला होतो, मला का ओढलं, असं तो ओरडत होता, आणि ते ओरडतानाच त्याचे पाय लटपटून तो खाली बसला. वन्संनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चांगलं आहे असंच वाटतं, तीच तर त्याची खोड आहे, असं त्या त्याला म्हणाल्या. पुन्हा घोंगडं, पुन्हा घागरी. दुसऱ्या खेपेला मेंढ्यांची नावं न अडखळता टप्प्यापर्यंत गेली. सगळा कळप संपला तेव्हा सोपानाने कोकरांची नावं सुरू केली. त्या नावांच्या मध्येच त्याने दुसरा दोर दादाला बांधला, आणि आधी दादा, मग सोपाना असे दोघे वर आले.

दादा श्वास घेत होता, पण अगदी बारीक. वन्संनी त्याला वाऱ्याच्या तोंडाला कुशीवर निजवलं, कपडे सैल केले आणि गर्दीला मागे सारलं. ते काही क्षण फार लांब होते. मग दादाने ओकारी काढली, डोळे उघडले आणि पाइप खाली सरकला का, असं विचारलं. अण्णा जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले. पाण्याच्या टँकरच्या केबिनमध्ये घालून दादाला दहिवडीच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस त्याचं डोकं दुखत होतं, एवढंच. बारसं पुढे ढकललं, आणि शेवटी झालं तेव्हा दादाने आपल्या मुलाला वन्संच्या पायावर घातलं. ते लेकरू तिथेच झोपी गेलं.

सगळं पार पडल्यावर वन्सं मला घेऊन लिंबाखाली गेल्या आणि तिथे त्यांचे हात थरथरायला लागले. इतके, की मी पाण्याचा तांब्या त्यांच्या ओठांना लावला. “आता चालतंय,” त्या म्हणाल्या. “आता घाबरलं तरी चालतंय.” त्या कधी घाबरतच नाहीत अशी माझी समजूत होती. भीतीला थांबवून ठेवून तिची वेळ आली की तिला वाट करून देतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या माहेरच्या भागात त्यानंतर एक रीतच पडली. विहिरीत उतरणाऱ्याने मोठ्याने काहीतरी म्हणत उतरायचं. दादा साताऱ्यापासून मुंबईपर्यंतचे एसटीचे थांबे म्हणायचा. एकजण आपल्या सासरच्या सगळ्यांची नावं घ्यायचा, आणि मेव्हण्याच्या नावापाशी नेहमी अडखळायचा. त्यामुळे त्याला दोनदा उगीचच वर ओढलं होतं.

ही हकीकत आमच्या आधी सासरी पोचली होती. आम्ही एसटीतून उतरलो तेव्हा मामंजी स्वतः थांब्यावर आले होते. त्यांनी लेकीची पिशवी आपल्या हातात घेतली. सुभेदारांना कुणाची पिशवी उचलताना गावाने पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, की त्या वाटीतला वायू किती वेळ पुरतो. वन्संनी सांगितलं, विमान खाली येईपर्यंत पुरतो, काही मिनिटं. मग त्यांनी विचारलं, तेवढ्या वेळात तू काय करतेस. त्या दिवशी दुपारभर ते गोठ्याकडे गेले नाहीत. राजीनाम्याचा विषय कुणी काढला नाही. गलाईवाल्या मामांना मात्र निरोप गेला, की पुतण्यासाठी दुसरी मुलगी बघा. पुढे गावात कुणी लेकीची चौकशी केली की मामंजी मिशीवर हात फिरवून म्हणत, “आमची शालन? ती हवेतली सुभेदार हाय.”

सासूबाईंनी हार कबूल केली ती वेगळ्या तऱ्हेने. मला शिक्षिका व्हायचं होतं, आणि अध्यापिका विद्यालय सांगलीत होतं. माझा मुलगा तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्याला सोडून जायचं माझ्या जिवावर येत होतं आणि मी तो विचार मनातच मिटवून टाकला होता. एक दिवस सासूबाई त्याला कडेवर घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. शाळेला नाव घाल, याला मी बघते, म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी बजावलं, “आदी तू वढून घे. मग ह्येला काय द्यायचं त्ये दे.” पुढे सव्वीस वर्षं मी शाळेत शिकवलं.

वन्संनी आणखी काही वर्षं विमानात काम केलं. मग एका रजेत त्या जरा लाजतच एका गृहस्थांना घेऊन आल्या. बेळगावकडचे, बोलताना मध्येच कानडी हेल येणारे, शांत स्वभावाचे. विमानातले प्राणवायूचे सिलिंडर तपासणं आणि भरणं हे त्यांचं काम. मामंजींनी त्यांना गोठा, ऊस, विहीर सगळं दाखवलं आणि आल्यावर सासूबाईंना म्हणाले, पोरगी हवेत आणि जावई हवा भरणारा, जोडा चांगला जमला. लग्न साधंच झालं, आणि नियमाप्रमाणे वन्संची नोकरी सुटली. त्यावर त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण नवीन मुलींना शिकवायला कुणी बोलावलं असतं तर मी गेले असते, एवढं एकदा म्हणाल्या. लगेच त्यांनी विषय बदलला.

जावयांना आखातातल्या एका विमान कंपनीत नोकरी मिळाली, तेव्हा आम्ही सगळे सांताक्रूझच्या विमानतळावर त्यांना पोचवायला गेलो. मामंजींनी लष्करातला जुना कोट घातला होता. सासूबाईंनी पुरणपोळ्यांचा डबा आणला होता, तो त्यांनी तीनदा उघडून बघितला. वन्सं नेसून आल्या होत्या ती साधी हिरवी साडी, प्रवाशाची. त्या मामंजींच्या पाया पडल्या, त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्या मुलाच्या गालाचा मुका घेतला. मी त्यांना म्हटलं, जपून राहा, आणि माझं मलाच ते पोकळ वाटलं. त्या म्हणाल्या, “वैनी, रडू नगंसा. न्हाय तर म्या शुद्ध बोलाय लागंन.”

आम्ही सगळे हसलो आणि त्या हसण्यातच त्या आत निघून गेल्या.

निरोप द्यायला आलेल्यांसाठी वर गच्ची होती. तिथून विमान दिसत होतं. शिडी चढणारी माणसं बारकी दिसत होती, पण हिरवी साडी आम्हाला ओळखू आली. ती शिडीच्या वरच्या पायरीवर थांबली, दारातल्या मुलीशी काहीतरी बोलली आणि आत गेली. दार लागलं. विमान हळूहळू वळायला लागलं. सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठी काळजी होती. मला वाटलं, लेक दूर चालली म्हणून. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आगं, शालन तर आता निस्ती बसून जानार,” त्या म्हणाल्या. “मग त्या इमानातल्या मान्सांकडं बगनार कोन?”

मामंजींनी विमानावरची नजर काढली नाही.

“बसली तरी तीच बगंल,” ते म्हणाले.